गॅट्सबीच्या वडिलांचे पाकीट



गणेशोत्सवातील निरूपणात अमेरिकन कादंबरी कशाला, असे काहींना वाटेल. पण मुलीला शाळेत ‘द ग्रेट गॅट्सबी’ होते आणि तिचा अभ्यास घेता घेता मीच त्यात अडकलो. एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड यांची ही कादंबरी १९२५ सालची. नॉर्थ डकोटातील गरीब शेतकऱ्याचा मुलगा नाव बदलतो, चोरट्या दारूच्या धंद्यात अमाप पैसा करतो आणि लाँग आयलंडवर वाडा घेतो. कशासाठी? खाडीपलीकडे राहणाऱ्या, आता दुसऱ्याची पत्नी असलेल्या डेझीने तो पाहावा म्हणून! उन्हाळाभर मेजवान्या झडतात. ग्रंथालयात पुस्तके खरी आहेत, पण वाचण्यासाठी त्यांची जोडलेली पाने कोणी कापलेलीच नाहीत.

गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीचे वर्णन आहे. आज हे मिळाले, उद्या ते मिळवीन, असा अखंड हिशेब. तरीही गॅट्सबीला असुर म्हणवत नाही मला. तो जीव लावणारा माणूस. जे देवापाशी मागायचे ते त्याने एका माणसापाशी मागितले, आणि तेही पैशाच्या जोरावर.

त्याचा खून होतो. मेजवान्यांना शेकडो माणसे येत, दफनाला मात्र शेजारी निक, वडील, चार-पाच नोकर, पोस्टमन आणि एकच जुना पाहुणा. डेझीकडून फूलसुद्धा नाही. वर्तमानपत्रात बातमी वाचून वडील मिनेसोटाहून आलेले. ते पाकिटातून एक मळलेला, कोपरे तडकलेला फोटो काढतात आणि अभिमानाने दाखवतात. फोटो त्याच वाड्याचा, आणि ते उभे त्याच वाड्यात!

इथे मी पुस्तक मिटले. माझ्या दादांच्या पाकिटातही न्यू जर्सीच्या आमच्या घराचा फोटो असे. कऱ्हाडला एस.टी.त शेजारी बसलेल्यालाही ते तो दाखवीत. मी त्यांना बोलवायचे दर वर्षी पुढे ढकलले. आधी बेसमेंट होऊ दे, मग डेक, मग नवे किचन. घर दाखवण्यासारखे झाले की तिकीट काढू. अडवले कोणीच नव्हते, व्हिसाचे कारणसुद्धा मला सांगता येत नाही. ज्यांचे आईवडील तिकडे आहेत त्यांनी घर आहे तसेच दाखवावे, एवढे हात जोडून सांगतो.

किचन झाले तेव्हा दादा नव्हते. आईने तो फोटो माझ्या हातात दिला. आता तो देवघरात आहे. मागे त्यांच्या अक्षरात आमचा पत्ता आहे, पिनकोडसकट.