थीसियसची घाई

नकार मिळालेली राणी, तिने घेतलेला खोटा आळ आणि तिच्यावर विश्वास ठेवणारा नवरा ही गोष्ट ग्रीक पुराणांत पुन्हा पुन्हा भेटते. अकास्टसच्या बायकोने पेलियसवर आळ घेतला, प्रोइटसच्या बायकोने बेलेरोफॉनवर. बाईचं कपट, एवढाच धडा यातून बहुतेक जण घेतात. मला तो फार सोयीचा वाटतो.

ग्रीक नाटककार युरिपिडीसने थीसियस राजाची बायको फैड्रा हिच्या कथेवर दोन नाटकं लिहिली. पहिल्यात ती सावत्र मुलाकडे, हिप्पोलिटसकडे, उघड मागणी करते. ते अथेन्सला रुचलं नाही म्हणतात. इ.स.पू. ४२८ मध्ये पहिलं बक्षीस मिळालं ते दुसऱ्याला. त्यात फैड्रा तोंड मिटून झुरते. ही ओढही तिची नव्हे, अफ्रोडायटी देवीने हिप्पोलिटसवरच्या सूडापोटी लादलेली. हिप्पोलिटसपाशी गुपित फोडते ती दाई. मग अब्रूच्या धास्तीने फैड्रा गळफास घेते आणि हाताला अडकवलेल्या पाटीवर हिप्पोलिटसविरुद्ध आरोप लिहून ठेवते. मेलेल्या बाईची उलटतपासणी घेणार कशी?

पण थीसियसला ती घ्यायचीच नव्हती. मुलगा समोर येण्याआधीच त्याने पोसायडनकडून मिळालेला शाप उच्चारला होता. हिप्पोलिटस चौकशी कर म्हणून विनवतो. दाईला दिलेल्या गप्प राहण्याच्या शपथेमुळे खरं मात्र सांगू शकत नाही. समुद्रातून बैल उसळतो, घोडे बिथरतात, पोरगा रथामागे फरफटत जातो. शेवटी आर्टेमिस देवी येते आणि बापालाच खडसावते: पुरावा पाहिला नाहीस, थोडा वेळही जाऊ दिला नाहीस. (फैड्राबद्दल ती त्यापेक्षा मऊ बोलते, हे विसरलं जातं.)

याच नाटककाराच्या 'ट्रोजन विमेन'मध्ये अथेना तक्रार करते, की ग्रीक योद्धा अजॅक्सने ट्रॉयची राजकन्या कॅसॅन्ड्रा हिला माझ्या देवळातून ओढून नेलं, तरी ग्रीकांनी त्याला जाबसुद्धा विचारला नाही. तिथे गुन्हा सगळ्यांना ठाऊक होता. पण कॅसॅन्ड्रा हरलेल्यांची मुलगी, फैड्रा राजाची बायको. दोन्हीकडे बाईच्या शब्दाला वजन नव्हतंच. वजन होतं नवऱ्याच्या इभ्रतीला. फैड्राची पाटी खरी ठरली ती त्या इभ्रतीपायी. आणि ज्या अथेन्सने या नाटकाला बक्षीस दिलं, तिथल्या न्यायालयात जिवंत फैड्राला स्वतः उभं राहून साक्ष देण्याचा अधिकार नव्हता.