दर्दी आणि दळण

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आम्ही परभणीकर छाती पुढे काढून म्हणतो. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ हेही आमच्याच गावाबद्दल म्हटलं जातं. ते आम्ही जरा हळू म्हणतो. प्रसिद्धी आणि अप्रसिद्धी या दोन्हींची अशी तोंडओळख ज्या गावाला आहे, तिथल्या माणसाने अप्रसिद्ध गाण्याबद्दल चार शब्द बोलायला हरकत नसावी.

गाणं ऐकणारे दोन प्रकारचे. सगळे ऐकतात म्हणून ऐकणारे, आणि कोणीच ऐकत नाही म्हणून ऐकणारे. पहिल्यांना गर्दी म्हणतात, दुसऱ्यांना दर्दी. आमच्या परिचयाचे एक गृहस्थ दुसऱ्या वर्गातले. कॅसेटच्या जमान्यात त्यांच्याकडे खाजगी मैफलींचा कपाटभर साठा होता. त्यात तंबोऱ्यापेक्षा खरखर जास्त, आणि ऐन समेवर कोणाची तरी कपबशी. अन्नपूर्णादेवींच्या सूरबहारची कॅसेट लावताना ते खिडक्यासुद्धा लावून घेत. या बाईंनी ऐन उमेदीत जाहीर मैफली थांबवल्या. २०१८ साली मुंबईत त्या गेल्या, तोवर रसिकांच्या वाट्याला आलं ते असंच, हातोहात फिरलेलं. पुढे तेच वादन कोणाच्याही फोनवर वाजू लागलं. आमचे गृहस्थ उदास झाले. म्हणाले, “आता त्यात राम नाही राहिला, राव.”

सूर तेच, बोटं तीच. मग राम गेला कुठे?

हसण्याआधी त्यांची बाजूही ऐकू या. एका कॅसेटसाठी चार महिने वाट पाहिलेला माणूस ती भाजी निवडता निवडता ऐकत नाही. दुर्मिळपणामुळे कान टवकारतात, हे खरंच. नावाचंही तेच. बडं नाव ऐकलं की पहिला सूर लागायच्या आत आपली मान डोलू लागते. म्हणजे काय, तर गाणं कानात शिरण्यापूर्वी त्याची कीर्ती नाहीतर अपकीर्ती तिथं बैठक मारून बसलेली असते.

पण गाणाऱ्याचं काय? आमच्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई पंढरपुरात नामदेवांच्या घरी दासी होती. अभंगात स्वतःचं नाव घालतानाही ती आधी नामदेवांचं घेते. दळताना तिला श्रोता एकच, तो म्हणे जात्याला हात लावायला यायचा. पण सगळ्यांच्याच जात्याला विठ्ठल कुठून येणार?

आमची आत्या पहाटे चारला दळायला बसायची. “आत्या, एवढ्या अंधारात कोणासाठी म्हणता हो ओव्या?” असं विचारलं, तर म्हणाली, “कोणासाठी कशाला? दळण सरत नाही म्हून!” तिच्या ओव्या तिच्याबरोबर गेल्या. त्या इतक्या दुर्मिळ आहेत, की आमच्या दर्दी गृहस्थांकडेसुद्धा नाहीत.

अन्नपूर्णादेवींनी मैफल सोडली. आत्याला सोडायला मैफल होतीच कुठे? अप्रसिद्धीची चव ऐकणारा घेतो आणि किंमत गाणारी भरते, हे कपाटापुढे उभं राहिल्यावर ध्यानात येत नाही.

गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी हिंडून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यात आपल्या जिल्ह्यातल्या ताडकळसच्याही आहेत. ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने २०१७ पासून त्या लोकांपुढे ठेवल्या, आणि ओवीबरोबर बाईचं नाव-गावही दिलं. ताडकळसची एक ओवी मी गृहस्थांना ऐकवली. डोळे मिटून ऐकली त्यांनी. खिडकी उघडीच होती. मग हळूच विचारलं, “ही अजून फारशी कोणाला माहीत नाही ना?”

“नाही. म्हणून तर बाईचं नाव चार जणांना सांगा.”

ते बराच वेळ विचारात पडले. “सांगतो,” म्हणाले, “पण आणखी एकदा लावा. तेवढं एकट्याने ऐकून घेतो.”