रज आणि निर्जरा

दिवाळीच्या साफसफाईत संगणकाचे कॅबिनेट उघडले, तेव्हा हीटसिंकच्या पात्यांत करड्या धुळीचा असा गच्च थर आढळला की, जैन दर्शनाने कर्माला अमूर्त संस्कार न मानता आत्म्याला चिकटणारे सूक्ष्म पुद्गल, म्हणजे प्रत्यक्ष द्रव्य, का मानले असावे, याचा मला थोडा उलगडा झाला. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात ज्याला आस्रव म्हटले, ते आत शिरणे येथे पंख्याकरवी घडते. आणि जो पंखा यंत्राला जगवतो तोच धूळही ओढतो, तेव्हा पंखाच थांबवून निर्मळ राहू म्हणणाऱ्याचे यंत्र तापून बंद पडायचे. जाळी बसवणे हा संवर, म्हणजे आत येणाऱ्याला अटकाव. पण साचलेल्याचा बंदोबस्त निर्जरेनेच, म्हणजे ते झाडून टाकण्यानेच, व्हायचा, आणि तिला उतावीळपणा खपत नाही. प्लग काढून, चालू करण्याचे बटण दाबून उरलासुरला विद्युत्भार जिरवावा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करून अंगातील स्थितिक विद्युत उतरवावी, आणि पंख्याचे पाते बोटाने धरून मगच उभ्या धरलेल्या डब्यातील दाबलेल्या हवेचे लहान झोत सोडावेत. कारण मोकळा पंखा झोताने भलताच गरगरून आपले बेअरिंग खराब करून घेतो. (घरगुती व्हॅक्यूम क्लीनर येथे वर्ज्य, त्याच्या नळीशी स्थितिक विद्युत साचते.)

कोरडी धूळ तर उडाली. परंतु माझे टेबल स्वयंपाकघराच्या दाराशी, त्यामुळे फोडणीच्या तेलकट वाफेने जे पात्यांच्या कडांवर राळेसारखे बसले होते, त्यापुढे कुंचला हरला. कषायांमुळे, म्हणजे क्रोध-लोभादी विकारांमुळे, कर्म आत्म्याला बांधले जाते, हा सिद्धांत इतका चिकट असेल असे वाटले नव्हते. आयसोप्रोपिल अल्कोहोलात बोळा भिजवून एकेक पाते पुसले. टेबल मात्र अजून तेथेच आहे.