काटकसर आणि सत्य

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण आपल्या घरोघरी इतक्या वेळा ऐकू येते की, तिच्याविषयी शंका घेणे म्हणजे वडीलधाऱ्यांचा अधिक्षेप करण्यासारखे वाटते. ऋण काढून सण करू नये, हे शहाणपण कोणी नाकारील असे नाही. परंतु घरात शोभणारे हे वचन जेव्हा राज्यकर्त्याच्या तोंडी येते, तेव्हा सुज्ञ श्रोत्याने क्षणभर थांबून विचारावे की, हे अंथरूण बेतले कोणी, आणि आखडून घ्यावयाचे पाय कोणाचे? सरकारी खर्चाच्या कपातीविषयी जो वाद होतो, त्यातील सचोटीचा प्रश्न या दोन पृच्छांतच साठवलेला आहे.

हा प्रश्न मोघम ठेवण्यापेक्षा एका घडलेल्या उदाहरणावर घासून पाहणे बरे. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर ब्रिटनच्या सरकारी जमाखर्चात मोठे खिंडार पडले; २००९-१० सालची तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याएवढी होती. मे २०१० मध्ये निवडणूक आली, तेव्हा कात्री चालणार हे सर्व पक्षांस ठाऊक होते. ती कोठे चालणार, हे सांगण्याचे धैर्य मात्र कोणासच झाले नाही. इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या स्वतंत्र संस्थेने एप्रिलमध्येच हा दोष तिन्ही प्रमुख पक्षांच्या पदरी घातला होता. मूल्यवर्धित कर वाढविण्याचा आपला बेत नाही, असे सांगणारा हुजूर पक्ष सत्तेवर आला आणि जूनच्या अंदाजपत्रकात तो कर १७.५ टक्क्यांवरून २० टक्के करण्याचे जाहीर झाले. विद्यापीठांची फी वाढू देणार नाही, अशा प्रतिज्ञेवर सह्या केलेले लिबरल डेमोक्रॅट पुढारी त्याच सरकारात सामील झाले आणि डिसेंबरात फीची मर्यादा वर्षाला ९,००० पौंडांपर्यंत नेण्यात आली. २०१२ मध्ये त्यांचे नेते निक क्लेग यांनी क्षमा मागितली. ती मात्र प्रतिज्ञा मोडल्याबद्दल नव्हे, तर केल्याबद्दल!

‘आमचा बेत नाही’ या वाक्यात असत्य शोधू गेल्यास ते सापडणार नाही. आज बेत नसेल, उद्या होईल. असल्या वाक्यांचा दोष शब्दांत नसतो. ऐकणाऱ्याच्या मनात जो समज उत्पन्न व्हावा म्हणून ते शब्द योजिलेले असतात, तो समज खोटा असतो. अश्वत्थामा मारला गेला असे द्रोणांना सांगताना धर्मराजाने हत्तीचा उल्लेख केला, पण हलक्या स्वराने. तेवढ्याने, भूमीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. आपल्या पूर्वजांनी अर्धसत्याची किंमत किती बारकाईने मोजली होती, ते यावरून दिसते.

कधी कधी तर हत्तीचा उल्लेखही गाळला जातो. तूट ही एका वर्षाची तोंडमिळवणी न झाल्याची खूण, आणि कर्ज ही अशा अनेक वर्षांच्या तुटींची रास. तूट कमी झाली तरी ती शून्यावर येईपर्यंत कर्ज वाढतच राहते. असे असता, आपण ब्रिटनचे कर्ज फेडीत आहोत, असे सत्तारूढ हुजूर पक्षाच्या प्रचारात सांगण्यात आले. तेव्हा, २०१३ च्या आरंभी, तेथील सांख्यिकी प्राधिकरणाचे अध्यक्ष अँड्र्यू डिल्नॉट यांना जाहीर पत्राने दाखवून द्यावे लागले की, २०१० च्या मध्यास सुमारे ८११ अब्ज पौंड असलेले कर्ज २०१२ अखेर १,१११ अब्जांवर गेले आहे. तूट घटली होती, हे खरे. पण त्या खऱ्या गोष्टीने सरकारचे समाधान झाले नाही.

तथापि चुकीचा आकडा आज ना उद्या दुरुस्त होतो. अधिक घातक असतो तो ‘नाइलाज’ हा शब्द. मावळत्या सरकारातील लिअम बर्न या मंत्र्याने आपल्या जागी येणाऱ्यासाठी ‘पैसे उरलेले नाहीत’ अशी थट्टेची एक चिठ्ठी मागे ठेवली होती. २०१५ च्या निवडणुकीतही पंतप्रधान कॅमेरन ती सभांतून मिरवीत होते. तिजोरी रिकामी, मग आम्ही काय करणार, हा त्यातील ध्वनी. परंतु राज्याचे अंथरूण गृहस्थाच्या अंथरुणासारखे दुसऱ्याने दिलेले नसते. कर बसवून वा उठवून राज्य ते स्वतः लांब-आखूड करीत असते. ज्या अंदाजपत्रकाने वर्षाला २१,००० पौंडांहून अधिक मिळविणाऱ्या सरकारी नोकरांचे पगार दोन वर्षे गोठविले, त्यानेच कंपन्यांच्या नफ्यावरील कर २८ टक्क्यांवरून क्रमाक्रमाने २४ वर आणण्याचे ठरविले. हे धोरण चुकीचेच होते असे माझे म्हणणे नाही. त्याने उद्योग वाढतो असे प्रामाणिकपणे मानणारे लोक आहेत. परंतु ती निवड होती, नाइलाज नव्हता. निवडीला नाइलाज म्हणणे म्हणजे आपल्या कृत्याची जबाबदारी दैवावर ढकलणे होय.

हाच न्याय विरोधकांसही लागू आहे. प्रत्येक कपातीला अमानुष म्हणावयाचे आणि पैसा कोणाकडून आणावयाचा हे सांगावयाचे नाही, हेही अर्धसत्यच. आणि श्रोते तरी निर्दोष कोठे आहेत? उधळपट्टी थांबविली की कोणालाही न दुखविता सारे भागेल, हे गोड वाक्य आपल्यालाच ऐकावयाचे असते.

आकड्यांशी प्रामाणिक कसे राहावे, याचा धडा आपल्याकडे फार पूर्वी घालून दिलेला आहे. १९०२ साली व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलताना गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सरकारच्या शिलकीचे आकडे नाकारले नाहीत. दुष्काळाने रयत गांजलेली असता तिजोरीत शिल्लक पडते, याचा अर्थ कर गरजेहून अधिक घेतला जातो, एवढेच त्यांनी त्या आकड्यांतून काढून दाखविले. आकड्यामागे माणूस असतो, याचे त्यांना विस्मरण झाले नाही.

घराचीच उपमा हवी असेल, तर ती पुरतेपणी घ्यावी. दिवाळीला मुलांस नवे कपडे घेणे शक्य नसेल, तर एक बाप म्हणतो, ‘बाजारात कापडच आलेले नाही.’ दुसरा मुलांस जवळ बसवून सांगतो, ‘यंदा आजीच्या औषधाला पैसे लागले, म्हणून कपडे नाहीत. मीही जुन्याच कोटावर वर्ष काढणार आहे.’ दोन्ही घरी मुले जुनेच कपडे घालतात. परंतु पहिल्या घरातील मुलाला एक दिवस बाजारातले कापड दिसते, आणि त्यानंतर तो बापाच्या खऱ्या शब्दावरही विश्वास ठेवीत नाही. राज्यात खर्चाची काटकसर पुढेही अनेकदा करावी लागेल; तिच्यासाठी लागणारा हा विश्वास मात्र काटकसरीत गमावून चालणार नाही.