निकालानंतरचा क्रोध



न्यायासनानेच खुन्याला निर्दोष ठरवले, तर बुद्धाच्या अनुयायाने काय करावे? मुकाट सोसावे, की सूड घ्यावा?

अमेरिकेतील एक खटला पाहा. ऑगस्ट 1955 मध्ये शिकागोचा 14 वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा एमेट टिल मिसिसिपी राज्यात नातेवाइकांकडे आला होता. गोऱ्या दुकानदारणीशी अतिप्रसंग केल्याचा ठपका ठेवून दोघा गोऱ्यांनी त्याला रात्री घरातून उचलून नेले, हालहाल करून मारले व प्रेत नदीत फेकले. ज्यांच्या घरातून मुलगा नेला त्या वृद्ध मोझ राइट यांनी जिवाची पर्वा न करता भर न्यायालयात आरोपींकडे बोट दाखवले. तरीही ज्यूरीतील 12 गोऱ्या पुरुषांनी 67 मिनिटांत दोघांना सोडून दिले. त्या जिल्ह्यात एकाही कृष्णवर्णीयाचे नाव मतदार यादीत नव्हते. म्हणून ज्यूरीतही कोणी नव्हता. पुढे त्याच दोघांनी पैसे घेऊन एका मासिकाजवळ खुनाची कबुली दिली. पण एकदा सुटलेल्यावर तोच खटला पुन्हा चालत नाही.

अशा वेळी क्रोध येणारच. तो येणे पाप नव्हे. प्रश्न आहे तो कोठे न्यायचा याचा. वैराने वैर शमत नाही, हे तथागतांनी शिकविले. परंतु वैर सोडणे म्हणजे हक्क सोडणे नव्हे! मुलाच्या आईने, मेमी टिल यांनी, शवपेटी उघडी ठेवली. हजारोंनी तो विद्रूप चेहरा पाहिला. आईने सूड मागितला नाही, आणि जगाला विसरूही दिले नाही. निकालानंतर शहरोशहरी निषेधसभा झाल्या. डिसेंबर 1955 मध्ये मॉन्टगोमेरीचे कृष्णवर्णीय वेगळ्या आसनांविरुद्ध उठले. 381 दिवस त्यांनी बसवर बहिष्कार टाकला आणि ते जिंकले. तो बहिष्कार चालू असतानाच, 14 ऑक्टोबर 1956 रोजी, नागपुरात आपण धम्मदीक्षा घेतली.

बाबासाहेबांनी 1943 च्या रानडे व्याख्यानात बजावले होते की, हक्कांचे रक्षण नुसता कायदा करीत नाही, समाजाची नैतिक सदसद्विवेकबुद्धी करते. ते बाराजण राक्षस नव्हते. चारचौघांसारखे संसारी होते. त्यांचा निकाल न्यायालयात लागला नाही, तो त्यांच्या मनात आधीच लागलेला होता.

म्हणून स्वतःलाही विचारा. सोयरीक जुळवताना पोटजात पाहून आपणही पुरावा न ऐकता निकाल देत नाही ना? ज्याला जगाकडून न्याय हवा, त्याने आपल्या उंबऱ्याआत तो आधी द्यावा. अन्यायाविरुद्ध संघटित व्हा, साक्ष द्या, आठवण जागी ठेवा. मन मात्र द्वेषाने मळू देऊ नका.

जयभीम!