नावाबाहेरचं गाणं

अँड्र्यू वूड गेला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या सिॲटल शहरात 'मदर लव्ह बोन' नावाचा बँड होता, त्याचा तो गायक. बँडचा पहिला पूर्ण अल्बम तयार होता, फक्त बाजारात यायचा बाकी होता. हेरॉइनच्या अतिसेवनानंतर 19 मार्च 1990 रोजी त्याचा मृत्यू झाला. जुलैमध्ये 'ॲपल' हा अल्बम दुकानांत आला, तेव्हा तो वाजवणारा बँड उरला नव्हता.

वूडबरोबर एकाच घरात राहिलेला क्रिस कॉर्नेल हा 'साउंडगार्डन'चा गायक. मित्र गेल्यानंतर थोड्याच दिवसांत त्याला बँडबरोबर युरोपच्या दौऱ्यावर जावं लागलं. त्या दौऱ्यात त्याने दोन गाणी लिहिली, 'से हॅलो टू हेवन' आणि 'रीच डाउन'. गाणी तर झाली, पण ती गायची कुणाबरोबर? साउंडगार्डनचं संगीत जड, वळणावळणाचं, विषम मात्रांच्या तालांत रमणारं. ही दोन गाणी सरळ होती. त्यांत शोक होता आणि तो लपवलेला नव्हता. कॉर्नेलकडे स्वतःचा बँड होता, चांगला चालणारा होता. तरी या गाण्यांसाठी तो पुरा पडणार नव्हता.

बँड नावारूपाला आला की त्या नावाला एक ठरलेला आवाज चिकटतो, असं मला वाटतं. कंपनीशी करार त्या आवाजाचा असतो, तिकीट काढणारा माणूस त्याच आवाजासाठी येतो, आणि हळूहळू वाजवणाऱ्यांनाही तो आपलाच एकमेव आवाज वाटू लागतो. यात कुणाचा दोष नाही. दहा-दहा वर्षं एकत्र टिकायचं तर काहीतरी ठरलेलं असावंच लागतं. पण माणसाच्या आयुष्यात असं काही घडतं, जे या ठरलेल्या आवाजात मावत नाही. प्रस्थापित बँडमधले कलावंत एकत्र येऊन जे 'साइड प्रोजेक्ट' करतात, त्याच्याकडे आपण बहुधा फावल्या वेळातला उद्योग म्हणून पाहतो. त्यातल्या काहींची खरी जागा इथे आहे, नावात न मावणाऱ्या गोष्टींची.

कॉर्नेल ती गाणी घेऊन गेला वूडच्याच बँडमधल्या दोघांकडे, गिटार वाजवणारा स्टोन गॉसर्ड आणि बेस वाजवणारा जेफ ॲमेंट. सुरुवातीचा बेत दोन गाण्यांच्या एका छोट्या रेकॉर्डचा होता. साउंडगार्डनचा ड्रमर मॅट कॅमरन आला. गॉसर्ड आणि ॲमेंट तेव्हा नवा बँड उभा करत होते, त्यातला गिटारवादक माइक मॅक्रेडी आला. दोनाची दहा गाणी झाली. नाव ठरलं 'टेम्पल ऑफ द डॉग', वूडच्याच एका गाण्यातल्या शब्दांवरून घेतलेलं.

गॉसर्ड आणि ॲमेंटच्या नव्या बँडला गायक नव्हता. कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोहून एडी वेडर नावाचा एक तरुण त्यासाठी आला होता. पेट्रोल पंपावर नोकरी करणारा, बुजरा, शहरात कुणाला फारसा ओळखत नव्हता. कॉर्नेल तालमीत 'हंगर स्ट्राइक' बसवत होता. या गाण्यात एक ओळ खालच्या पट्टीत आणि तिला उत्तर वरच्या पट्टीत आहे. कॉर्नेल दोन्ही एकटाच गाऊन पाहत होता आणि खालची बाजू त्याला जमत नव्हती. आपल्या तालमीची वाट पाहत बसलेला वेडर उठला, माइकपाशी गेला आणि खालची बाजू गाऊ लागला. कॉर्नेलने ती त्यालाच देऊन टाकली. दोन गायकांचं गाणं करायचं असं कुणी ठरवलं नव्हतं. गाण्याला जो आवाज हवा होता तो खोलीत बसला होता, एवढंच. ज्याच्या मृत्यूने ही जागा रिकामी झाली होती, त्या वूडला वेडर कधी भेटलाही नव्हता. तरी त्या शोकात त्याला जागा मिळाली, हे मला या सगळ्या हकिकतीत सर्वांत मोलाचं वाटतं.

ध्वनिमुद्रण 1990च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये 'लंडन ब्रिज' स्टुडिओत झालं. पुऱ्या अल्बमला जेमतेम पंधरा दिवस लागले. हा स्टुडिओ रिक आणि राज पाराशर या भारतीय वंशाच्या भावांनी उभा केला होता, आणि रिक या अल्बमचा सहनिर्माता होता. पुढे गॉसर्ड-ॲमेंटच्या त्या नव्या बँडचा, म्हणजे पर्ल जॅमचा, 'टेन' हा अल्बमही त्याच्याच हाताखाली तिथेच मुद्रित झाला. सिॲटलच्या त्या काळाविषयी आपल्याकडे इतकं बोललं जातं, पण पाराशर हे नाव फार थोड्यांना ठाऊक असतं. ते ठाऊक असायला हवं.

'रीच डाउन' हे गाणं अकरा मिनिटांचं आहे. त्यातला गिटारचा लांबलचक भाग मॅक्रेडीचा. तो चोवीस वर्षांचा होता, आणि एवढी मोकळीक त्याला तोवर कुणी दिली नव्हती. वाजवताना मध्येच हेडफोन डोक्यावरून निसटून गेला. मागचं संगीत ऐकू येणं बंद झालं, पण त्याचे हात थांबले नाहीत. उरलेला भाग त्याने तसाच वाजवला. मोठ्या कंपनीच्या मोठ्या अल्बममध्ये अकरा मिनिटांच्या गाण्यावर पहिली कात्री इथेच चालली असती. इथे कात्री चालवणारं कुणी नव्हतं, कारण या अल्बमकडून कुणाची काही अपेक्षाच नव्हती.

गॉसर्डच्या एका चालीची गोष्टही इथलीच. शब्दांविना ध्वनिमुद्रित केलेल्या त्याच्या चाली फिरत होत्या. त्यातल्या एकीवर कॉर्नेलने शब्द लिहिले, ते झालं 'टाइम्स ऑफ ट्रबल'. त्याच चालीवर वेडरनेही आपले शब्द लिहिले, ते पर्ल जॅमचं 'फूटस्टेप्स'. चाल एक, गाणी दोन, बँड दोन, आणि भांडण नाही. गाण्याच्या मालकीवरून जन्माची वैरं धरणाऱ्या या धंद्यात ही गोष्ट मुद्दाम सांगायला हवी.

अल्बम एप्रिल 1991 मध्ये आला आणि सुमारे सत्तर हजार प्रती खपून शांत झाला. त्यानंतर 'टेन' आला, साउंडगार्डनचा 'बॅडमोटरफिंगर' आला, आणि दोन्ही बँड जगभर गाजले. 1992 मध्ये कंपनीच्या लक्षात आलं की आपल्या कपाटात असा एक अल्बम पडून आहे, ज्यावर हे दोन्ही गायक एकत्र गातात. 'हंगर स्ट्राइक' पुन्हा बाजारात आणलं गेलं आणि अल्बम दहा लाखांच्या पुढे गेला. तेव्हापासून या बँडला 'सुपरग्रुप', म्हणजे आधीच गाजलेल्या कलावंतांचा बँड, म्हणायची पद्धत पडली. मला ही पद्धत पटत नाही. अल्बम झाला तेव्हा या सहा जणांत थोडंफार नाव होतं ते साउंडगार्डनच्या दोघांचं. 'पर्ल जॅम' हे नावसुद्धा अजून ठरायचं होतं.

नावं आधी जमवली तर काय होतं, त्याचं उदाहरण लंडनमध्ये 1969 मध्येच घडलं होतं. 'क्रीम'चे एरिक क्लॅप्टन आणि जिंजर बेकर, 'ट्रॅफिक'चा स्टीव्ह विनवूड आणि 'फॅमिली'चा रिक ग्रेच यांनी 'ब्लाइंड फेथ' काढला. हाइड पार्कमधल्या पहिल्याच कार्यक्रमाला लाखाच्या घरात लोक आले. गाणी मात्र पुरेशी नव्हती, म्हणून अमेरिकेच्या दौऱ्यात क्रीम आणि ट्रॅफिकची जुनी गाणी वाजवावी लागली. वर्ष संपायच्या आत सगळं आटोपलं. त्या एका अल्बममध्ये विनवूडची गाणी सुंदर आहेत, ती मी आजही ऐकतो. पण तिथे गर्दी आधी जमली आणि गाणी मागून आली.

सिॲटलच्याच दुसऱ्या बँडचं उदाहरण अधिक अवघड आहे. माइक मॅक्रेडी 1994 मध्ये मिनेसोटातल्या व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाला. तिथे त्याला ब्लूज वाजवणारा बेसवादक जॉन बेकर सॉन्डर्स भेटला. दोघं बरे होऊन सिॲटलला आले. 'स्क्रीमिंग ट्रीज'चा ड्रमर बॅरेट मार्टिन त्यांना मिळाला. गायक म्हणून मॅक्रेडीने 'ॲलिस इन चेन्स'च्या लेन स्टेलीला बोलावलं. स्टेली हेरॉइनच्या विळख्यात होता. व्यसन सोडलेल्या माणसांच्या संगतीत तोही सावरेल, अशी मॅक्रेडीला मनापासून आशा होती.

या 'मॅड सीझन'चा एकच अल्बम झाला, 'अबव्ह', मार्च 1995. शब्द बहुतेक स्टेलीचे. त्या दिवसांत तो खलील जिब्रानचं 'द प्रॉफेट' वाचत होता. मुखपृष्ठावरचं चित्रही त्यानेच काढलेलं. 'ॲलिस इन चेन्स'मध्ये त्याचा आवाज गिटारच्या भिंतीला भिडून येतो. इथे बॅरेट मार्टिनने व्हायब्राफोनसारखी वाद्यं आणली, एका गाण्यात सॅक्सोफोन आहे, आणि सगळीकडे मोकळी जागा आहे. त्या जागेत स्टेलीचा आवाज एकटा उभा राहतो आणि माणूस आपल्या कानाशी बसून बोलतोय असं वाटतं. स्वतःच्या बँडमध्ये तो इतका उघडा क्वचितच ऐकू येतो.

आशा पुरी झाली नाही. दुसऱ्या अल्बमच्या तालमी सुरू झाल्या, पण स्टेली येईनासा झाला. सॉन्डर्स पुन्हा व्यसनाकडे वळला आणि जानेवारी 1999 मध्ये गेला. स्टेली 5 एप्रिल 2002 रोजी गेला, चौतिसाव्या वर्षी. दोघांचाही मृत्यू अमली पदार्थांनी झाला.

गाण्याने माणूस वाचतो, असं आपल्याला मानायला आवडतं. मॅड सीझनकडे पाहून तसं म्हणता येत नाही, आणि म्हणूही नये. व्यसन हा आजार आहे. त्याला उपचार लागतात, वर्षानुवर्षांचा आधार लागतो. चार मित्रांची तालीम त्याला पुरेशी नसते. मॅक्रेडीने त्याच्याकडे जे होतं ते देऊ केलं. त्याबद्दल मला अतोनात आदर आहे. पण अल्बमने स्टेलीला वाचवलं की नाही, या कसोटीवर अल्बमला घासणं अन्यायाचं आहे. 'अबव्ह' मोठा ठरतो तो त्यातल्या गाण्यांमुळे. एक माणूस बुडत असताना शुद्धीत राहून स्वतःविषयी खरं बोलला आणि त्याला ते बोलायला मित्रांनी जागा करून दिली, एवढं त्यात आहे आणि ते पुष्कळ आहे.

टेम्पल ऑफ द डॉगची मंडळी अल्बमच्या पंचविसाव्या वर्षी, नोव्हेंबर 2016 मध्ये, पहिल्यांदा आणि शेवटची दौऱ्यावर निघाली. फिलाडेल्फिया, न्यू यॉर्क, सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस आणि घरच्या सिॲटलमध्ये कार्यक्रम झाले. सहा महिन्यांनी, 18 मे 2017 रोजी, कॉर्नेलने डेट्रॉइटमध्ये आयुष्य संपवलं. मित्रासाठी लिहिलेलं 'से हॅलो टू हेवन' आता लोक त्याच्यासाठी गातात.

दोन्ही अल्बम मिळून दोन तासही होत नाहीत. बहुतेकांनी त्यातलं एकटं 'हंगर स्ट्राइक' ऐकलेलं असतं. माझी विनंती आहे की या दिवाळीत एखाद्या रिकाम्या संध्याकाळी ते दोन्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐका, 'रीच डाउन'ची अकराच्या अकरा मिनिटं न गाळता. आणि जमलं तर सिॲटलच्या मूर थिएटरमधलं मॅड सीझनचं 29 एप्रिल 1995चं ध्वनिमुद्रणही ऐका. त्या रात्री स्टेली फार सुंदर गायला आहे.