मागणंच सोडलं, मग उमेद कुठून येणार?

कॉलेजच्या स्टाफरूममध्ये जुलै संपायच्या आतच एक वाक्य ऐकू येऊ लागतं, "मुलंच येत नाहीत हो." वाक्य खोटं नाही. ७५ टक्के हजेरीचा नियम नोटीस बोर्डावर असतो आणि परीक्षेच्या तोंडावर हमीपत्र लिहून घेऊन सगळ्यांना बसवलं जातं. माझं भांडण त्याच्या पाठोपाठ येणाऱ्या वाक्याशी आहे: "मग आपण तरी कशाला जीव काढायचा?"

तासिका तत्त्वावर राबणाऱ्यांना हा प्रश्न विचारायचा अधिकार आहे. नेट-सेट होऊन दोन कॉलेजांत धावपळ करायची आणि मानधनाची वाट बघायची, अशांना कोणी प्रेरणेवर व्याख्यान देऊ नये. रिक्त पदं भरणं हाच त्यावरचा इलाज. पण ज्यांची नोकरी कायम आहे, ज्यांना यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार आठवड्याला पदानुसार १४ ते १६ तासच शिकवायचं आहे, त्यांचीही उमेद का आटते? नॅकच्या फायली हे एक कारण, मान्य. पण मोठं कारण वेगळं आहे. आपण मुलांकडे काही मागणंच सोडून दिलं.

तेही दयेपोटी. घरातली शिकणारी पहिली पिढी, त्यांना झेपणार नाही, असं म्हणत आधी संदर्भग्रंथ गेले, मग क्रमिक पुस्तक गेलं, शेवटी 'इम्पॉर्टंट' प्रश्नांची यादी तेवढी उरली. मुलांचं किती भलं झालं कोण जाणे. गाईडमधली तीच व्याख्या साठ उत्तरपत्रिकांत वाचायची वेळ मात्र आपल्यावर आली. त्यात कोणाचा हुरूप टिकेल?

मी कांद्याच्या पट्ट्यात अर्थशास्त्र शिकवतो. नेटवरून उतरवलेल्या प्रोजेक्टना कंटाळून एका वर्षी वर्गाला सांगितलं, घरची बाजार समितीतली हिशोबपट्टी आणा आणि तिच्यातली प्रत्येक ओळ समजावून लिहा. एरवी तोंड न उघडणाऱ्या एका मुलाने चुरगळलेली पट्टी बाकावर सपाट केली. वजन, क्विंटलचा भाव, खाली कपात: हमाली, तोलाई, वाराई. त्याचा प्रश्न होता, "सर, ट्रॅक्टर इलेक्ट्रॉनिक काट्यावर जातो. तोलायला माणूसच नाही, मग तोलाई कशाची?" बाजार समित्यांत शेतकरी, व्यापारी आणि माथाडी ज्यावरून भांडतात तोच हा प्रश्न. मध्यस्थांवरचा धडा त्या तासात संपला नाही. घरी जाऊन मी १९६३ चा बाजार समिती कायदा पुन्हा काढून बसलो. असं घरी जाऊन पुस्तक काढावंसं वाटणं, शिक्षकाची उमेद म्हणतात ती याहून फार वेगळी नसते.

अर्थात, निम्म्या वर्गाने पट्टी आणलीच नाही. काहींच्या घरी शेती नव्हती, काहींना एमआयडीसीतली पाळी होती. पाळीवाल्यांना मुदत वाढवून द्यावी, काम हलकं करून देऊ नये. आणि मागायचं तर आपणही बांधील राहायला हवं. मुलांनी वेळेत लिहून दिलेलं आपण महिनाभर कपाटात ठेवणार असू, तर त्यांनी नेटवरूनच उतरवावं.

येत्या सत्राच्या पहिल्या तासाला, अभ्यासक्रमाची पीडीएफ ग्रुपवर टाकण्याआधी, वर्गाकडून काय हवं आहे ते फळ्यावर दोन ओळींत लिहा. त्याखाली तुम्ही काय आणि किती दिवसांत देणार, तेही लिहा. समोर वीसच जण बसलेले असले तरी लिहा.